कुत्र्यामांजराला मायक्रोचिप करून घेणार असाल तर आधी हे वाचा

आमच्या बंड्याला आणि चिंगीला, म्हणजे कुत्र्याला आणि मांजरीला, दोघांनाही मायक्रोचिप करून घेतली, पुण्यात सिंहगड रोडला घराजवळच्याच एका छोट्या क्लिनिकमध्ये. सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगते. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तुम्ही नाशिकला असाल नाहीतर कोल्हापूरला, तुम्ही तुमच्याच डॉक्टरांकडे जाणार, तेव्हा तिथे गेल्यावर काय बघायचं आणि काय मागून घ्यायचं ते कळलं तर खरा उपयोग. आणि माझं म्हणणं एकच आहे, चिप टोचणं हे काम दोन सेकंदाचं आहे, ते कोणीही बरा डॉक्टर नीट करतो, पण चिपचा नंबर तुमच्या नावावर आणि तुमच्या चालू फोन नंबरवर नोंदवला गेला नाही तर ती चिप असून नसल्यासारखी आहे, आणि नेमकं तेच काम बऱ्याच ठिकाणी अर्धवट राहतं.

आधी ही गोष्ट काय आहे ते सांगते कारण विचारणारे सगळे पहिला प्रश्न हाच करतात की ताई मोबाइलवर लोकेशन दिसतं का. नाही दिसत. हा जीपीएस नाही. चिपमध्ये बॅटरीच नसते. काचेच्या बारीक नळीत एक छोटी कॉइल आणि एक सर्किट, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. ती कातडीखाली नुसती पडून राहते, वर रीडर, म्हणजे चिप वाचायचं मशीन, धरला की रीडरच्या लहरींवर ती जागी होते आणि एक १५ आकडी नंबर सांगते, बास. नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही, फक्त नंबर. त्या नंबरवरून मालक शोधायचा तर तो नंबर कुठल्यातरी रजिस्टरमध्ये तुमच्या नावासमोर लिहिलेला पाहिजे. चार्ज करायला लागत नाही, बदलायला लागत नाही, जनावराच्या आयुष्यभर चालते.

बंड्याला चिप का केली याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल फार कोणी बोलत नाही. बंड्या गावठी आहे, नसबंदी झालेला, त्यामुळे त्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे. ती खूण नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची असते. म्हणजे त्याचा पट्टा एकदा गळ्यातून निघाला की तो कोणाच्याही नजरेला रस्त्यावरचाच कुत्रा. लॅब किंवा पग हरवला तर बघणारा म्हणतो की कोणाचातरी आहे, फोटो काढतो, चार ठिकाणी पाठवतो. तपकिरी गावठी कुत्रा कापलेल्या कानाने हायवेच्या कडेला बसला असेल तर कोणी दुसऱ्यांदा बघत पण नाही, आणि महापालिकेच्या कुत्रे पकडणाऱ्या गाडीने उचलला तरी तो घरचा आहे हे सांगणार कोण. पट्टा तुटतो, बिल्ला पडतो, फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा मान मागे ओढून पट्ट्यातून सटकतो, दिवाळीत हे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतंच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की महागड्या ब्रीडच्या कुत्र्यापेक्षा गावठी कुत्र्याला चिपची गरज जास्त आहे, आणि होतं नेमकं उलट, लोक पन्नास हजाराचा कुत्रा आणला की चिप करतात आणि रस्त्यावरून उचलून पोटच्या पोरासारखं वाढवलेल्याला करत नाहीत.

आता क्लिनिकमधला अनुभव. डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं तर बंड्याला पूर्ण स्कॅन केलं, मानेवर, खांद्यांवर, दोन्ही बाजूंनी, पार कोपरापर्यंत रीडर फिरवला. मी म्हटलं अहो चिप तर अजून केलीच नाही, तर म्हणाले आधीची नाही ना हे बघायचंच असतं, दत्तक घेतलेल्या जनावरात आधीच चिप असू शकते, आणि चिप कधीकधी कातडीखाली सरकत खांद्यावर किंवा खाली पायाकडे गेलेली असते म्हणून नुसती मान बघून चालत नाही. मग सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. आत सुई लावलेली सिरिंज, चिप सुईतच भरलेली, आणि सोबत बारकोडची छोटी छोटी स्टिकर्स. सिरिंज टोचायच्या आधी पाकिटातच स्कॅन केली आणि रीडरवरचा नंबर स्टिकरशी एकेक आकडा जुळवून मला मोठ्याने वाचून दाखवला. हे मला फार आवडलं. चिपच बंद निघाली तर ती आत जायच्या आधी कळलेलं बरं.

सुई जाड असते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड. सासूबाई सोबत आल्या होत्या त्यांनी सुई बघितली आणि म्हणाल्या, "अगं मुक्या जिवाला एवढं कशाला, पट्टा आहे की त्याच्या गळ्यात." डॉक्टर त्यांना म्हणाले, "आजी, तुम्ही याच्या तोंडाशी चिकन धरा, मी सांगतो कधी ते." दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली, सुई आत, दट्ट्या दाबला, सुई बाहेर, त्या जागेवर अंगठा दाबून धरला. बंड्या एकदा दचकला, मागे वळून बघितलं आणि परत सासूबाईंच्या हाताकडे तोंड. भूल वगैरे काही लागत नाही. रक्ताचा एक थेंब आला असेल. लगेच परत स्कॅन, बीप झाला, तोच नंबर. मग त्यातलं एक स्टिकर लसीकरणाच्या पुस्तकात, एक सर्टिफिकेटवर, एक त्यांच्या रजिस्टरमध्ये आणि उरलेली माझ्या हातात दिली. टोचायच्या आधी स्कॅन, टोचल्यावर स्कॅन, हे दोन्ही तुमच्या डोळ्यासमोर झालंच पाहिजे, डॉक्टर घाईत असतील तर आपण आठवण करायची.

चिंगीचं प्रकरण जरा वेगळं. ती कॅरिअरमधून बाहेरच येईना, शेवटी टॉवेलमध्ये गुंडाळून नुसती मान बाहेर ठेवली. तिला डॉक्टरांनी मिनी चिप सुचवली, ती साधारण ८ मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, सुई पण बारीक, काम तेच आणि नंबर पण तसाच १५ आकडी. मांजर आणि छोट्या पिल्लांसाठी हीच मागा, थोडे पैसे जास्त जातात पण फरक दिसतो, चिंगीने हूं की चूं केलं नाही. ज्यांच्या मांजरीची नसबंदी अजून व्हायचीय त्यांनी डॉक्टरांना सांगून त्याच भुलीत चिप करून घ्यावी, तिला कळणार पण नाही. आणि मांजर घरातच असते तिला कशाला चिप हा विचार मनातून काढा, कुठल्यातरी दुपारी कुरिअरवाल्यासाठी दार उघडं राहतं आणि मांजर जिन्यातून गेली की तिला हाक मारून उपयोग नसतो. मांजरीच्या गळ्यात पट्टा टिकत नाही, आणि टिकला तरी तो अडकून गळफास बसायचा धोका, म्हणून मांजरीच्या पट्ट्याची क्लिप ओढ बसली की सुटणारीच असावी लागते, म्हणजे नेमकी हरवते तेव्हा ओळख गळून पडलेली असते.

परदेशातला एक अभ्यास आहे तो मुद्दाम सांगते. २००९ साली अमेरिकेतल्या ५३ शेल्टरमधल्या चिप असलेल्या कुत्र्यामांजरांची नोंद काढली होती. तिथे आलेल्या भटक्या म्हणून नोंदलेल्या कुत्र्यांपैकी एकूण सुमारे २२ टक्के घरी परत गेले, चिपवाल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांचं तर बघा, एकूण २ टक्के पण नाही, आणि चिपवाल्या मांजरांपैकी ३८ टक्क्यांच्या वर. आणि चिप असूनही मालक सापडला नाही त्यातलं सगळ्यात मोठं कारण काय होतं, तर नोंदवलेला फोन नंबर चुकीचा किंवा बंद. साधारण तीनातला एक याच कारणाने अडकलेला. शिवाय काहींनी रजिस्टरच केलं नव्हतं, काहींनी भलत्याच डेटाबेसमध्ये केलेलं. म्हणजे तंत्र फसलं नाही, कागद फसला.

आमच्या शेजाऱ्यांचं अगदी हेच झालं. त्यांचा लॅब ब्रुनो पिल्लू असताना ब्रीडरकडून आणला, चिप झालेलीच होती, सर्टिफिकेट होतं, सगळे निश्चिंत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो गेटमधून पळाला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी भल्या माणसाने त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे रीडर होता, नंबर आला, आता यापेक्षा चांगलं काय पाहिजे. पण त्या नंबरसमोर फोन ब्रीडरचा, तो बंद. मालक म्हणून नाव पण त्याचंच. नाव बदलून द्यायचं काम ब्रीडरने कधी केलंच नव्हतं आणि चार वर्षं घरात असलेला कुत्रा कागदावर दुसऱ्याचा होता. तो शेवटी सापडला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फोटोमुळे, चिपमुळे नाही. वहिनींनी तो पूर्ण दिवस कसा काढला ते मी बघितलंय. मला ब्रीडरचा खरंच राग येतो, विकताना एक फॉर्म भरून द्यायला काय जातं. तर ज्यांनी चिपवालं पिल्लू विकत किंवा दत्तक घेतलंय त्यांनी आजच्या आज ट्रान्सफर झालंय का ते तपासा.

आणि इथेच आपल्याकडची खरी अडचण आहे. गाईम्हशींच्या कानात तो पिवळा बिल्ला बघितला असेल, त्यावर १२ आकडी नंबर असतो आणि तो सरकारी नोंदीत जातो. कुत्र्यामांजरांसाठी असं अख्ख्या देशाचं एकच रजिस्टर नाही. चिप विकणाऱ्या कंपन्यांचे आपापले डेटाबेस, केनेल क्लबचं, म्हणजे ब्रीडच्या कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, त्यांच्याकडे नोंद असलेल्या कुत्र्यांपुरतं, क्लिनिकची स्वतःची वही, आणि काही शहरांत महापालिकेची नोंद. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांसाठी परवान्यासोबत चिप सक्तीची केली, हे मला योग्य वाटतं, कारण एका शहराची का होईना नोंद एका जागी येते. आमच्याकडे बंड्याचा परवाना काढला तेव्हा रेबीजच्या लसीचा दाखला लागला, चिपचा विषय निघाला नाही. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप एप्रिल २०१६ पासून सक्तीची आहे आणि मांजरांना जून २०२४ पासून, न केल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड, आणि तिथल्या कायद्यात मला आवडलेली गोष्ट अशी की नुसती चिप असून भागत नाही, माहिती अद्ययावत ठेवणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी.

तर मग आपण काय करायचं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की हा नंबर कुठे नोंदवणार आणि मला तो दिसेल का. त्यांनी कंपनीच्या साइटवर माझ्यासमोर फॉर्म भरला, माझं नाव, फोन, ईमेल, पत्ता, बंड्याचा रंग, कापलेल्या कानाची खूण, सगळं. घरी येऊन मी स्वतः नंबर टाकून बघितला, बंड्याचा दिसला, चिंगीचा दिसेना. फोन केला तर म्हणे अपलोड व्हायला वेळ लागतो, दोन दिवसांनी दिसेल. दिसला नाहीच, परत फोन केल्यावर मग झालं. अर्धा मार्क इथे कापला. दुसरं म्हणजे फॉर्ममध्ये फोनची जागा एकच. आपण गावाला गेलो, रेंज नाही, फोन हरवला तर काय? मी शेवटी पत्त्याच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर टाकायला लावला. तुम्हीही दुसरा नंबर कुठेतरी बसवाच, आणि घर बदललं, सिम बदललं की बँकेला कळवतो तसं इथेही लगेच कळवायचं. नंबर स्टिकरवरून फोटो काढून फोनमध्ये ठेवा, घरातल्या अजून एकाला पाठवा. परत कधी क्लिनिकला लसीसाठी गेलात की डॉक्टरांना म्हणा जरा स्कॅन करा, चिप जागेवर आहे ना, वाचते ना, एवढं ते सगळे करतात.

पैशांचं म्हणाल तर बंड्याचे मला चिप, टोचणं, सर्टिफिकेट आणि नोंदणी धरून बाराशे पडले, चिंगीच्या मिनी चिपचे चौदाशे. हा एकदाच करायचा खर्च आहे, आयुष्यभराचा. पट्टा आणि बिल्ला सोडू नका मात्र, कारण शेजारच्या गल्लीतल्या काकांकडे रीडर नसणार, ते बिल्ल्यावरचाच नंबर फिरवणार. बिल्ला पहिला, चिप त्याच्या मागे.

घेताना आयएसओवाली चिप आहे का हे विचारा, म्हणजे ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी, १५ आकडी. जुन्या ९ किंवा १० आकडी चिपा पण असतात, त्या सगळ्या रीडरवर वाचता येत नाहीत. नंबराचे पहिले तीन आकडे देशाचा कोड असतो नाहीतर कंपनीचा, भारताचा देश कोड ३५६ आहे, पण ९ ने सुरू होणारा नंबर आला म्हणून घाबरू नका, तो कंपनीचा कोड असतो, आमच्या दोघांचे तसेच आहेत.

ज्यांना कुत्रा किंवा मांजर घेऊन परदेशी जायचंय त्यांनी हा भाग दोनदा वाचा कारण इथे क्रम चुकला की महिने वाया जातात. माझी मैत्रीण जर्मनीला गेली तिच्या मांजराला घेऊन. युरोपात आधी चिप आणि मग रेबीजची लस, किंवा दोन्ही त्याच दिवशी, चिपच्या आधीची लस ते धरतच नाहीत, कारण ती लस याच जनावराला दिली हे सिद्ध कसं करणार. मग लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त लॅबला, टायटर, म्हणजे लसीने रक्तात रेबीजविरुद्ध किती प्रतिकारशक्ती आली त्याचा आकडा, ०.५ किंवा त्याच्या वर आला पाहिजे, आणि भारतातून जाताना नमुना घेतल्या दिवसापासून अजून ३ महिने थांबायचं. म्हणजे तिकीट काढायच्या कितीतरी आधी चिप. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची केलीय आणि वय कमीत कमी ६ महिने पाहिजे, भारत त्यांच्या रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने आपल्याला कागद अजून जास्त लागतात. बदलीची नुसती कुणकुण लागली तरी पहिलं काम चिप, बाकी सगळं नंतर. मैत्रिणीच्या मांजराला लस सगळ्या वेळेवर होत्या पण चिप नव्हती, त्यामुळे रेबीजची लस नव्याने द्यावी लागली आणि तिथून पुढे मोजायला सुरुवात.

धोक्याबद्दल पण विचारतात म्हणून लिहिते. टोचल्यावर एखाद दिवस जागा दुखरी राहू शकते, क्वचित सूज येते, चिप थोडी सरकू शकते. चिपच्या जागी गाठ झाल्याच्या मोजक्या केसेस नोंदलेल्या आहेत, पण जगभर लाखो जनावरांत चिपा आहेत त्या मानाने फारच दुर्मीळ. पहिले काही दिवस तिथे चोळायचं नाही, घट्ट छातीपट्टा त्या जागेवर घासू द्यायचा नाही, आंघोळ थोडी पुढे ढकलायची. बंड्याची जागा आता हाताला लागत पण नाही, चिंगीची अगदी शोधली तर बोटाखाली जाणवते.

राहिला प्रश्न रीडरचा. चिप कितीही चांगली असली तरी सापडलेला कुत्रा ज्याच्याकडे पोचतो त्याच्याकडे रीडर नसेल तर नंबर वाचणार कोण. आमच्या भागात मी फोन करून विचारलं तर दोन क्लिनिकमध्ये आहे, एकात होता पण बिघडलेला. साधा हातात धरायचा रीडर काही हजारांत मिळतो, म्हणून आमच्या सोसायटीतले कुत्रेवाले मांजरवाले आणि खाली रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारी दोन मुलं असं मिळून वर्गणी काढून एक घेतला. तो आमच्या गेटवर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये चार्ज करून ठेवलेला असतो, तिथल्या दादांना वापरायला शिकवलंय, मानेपासून सुरू करून दोन्ही खांद्यांवरून सावकाश खाली आणायचा, घाई केली तर चिप वाचायची सुटते. रिझल्ट आला की स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. विठ्ठलवाडी, हिंगणे, माणिकबाग या बाजूला कोणाला पट्टा नसलेला पण माणसाळलेला कुत्रा दिसला तर घेऊन या, स्कॅन करायला एक रुपया घेत नाही, रात्री पण चालेल.